देवाचे घर तोडल्यावर

त्या बायका रडतच महाराजांपुढे आल्या. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा काळ. लिथुआनियाच्या गादीवर विताउतास होता आणि तक्रार होती एका परक्या साधूविरुद्ध. त्याने त्यांचे राखीव रान तोडायला घेतले होते. राखीव म्हणजे देवाचे. आपल्याकडे ज्याला देवराई म्हणतात, तसले. बायकांचे म्हणणे सरळ होते. पाऊस हवा असला की आम्ही त्या रानात जाऊन मागायचो, ऊन हवे असले तरी तिथेच मागायचो. देव तिथे राहायचा. आता त्याचे घरच गेले. मग त्याला शोधायचे कुठे?

बायकांपाठोपाठ पुरुषही आले. वाडवडिलांपासून चालत आलेला धर्म सोडण्यापेक्षा आम्ही मुलूख सोडून जाऊ, असे त्यांनी सांगितले. विताउतासने साधूला दिलेली परवानगी मागे घेतली आणि त्यालाच देशाबाहेर जायला फर्मावले.

साधूचे नाव जेरोम, गाव प्राग. (१४१६ मध्ये चर्चने जिवंत जाळलेला प्रागचा जेरोम तो हा नव्हे. नावामुळे दोघांची नेहमी गल्लत होते.) ही हकीकत पुढे त्याने स्वतःच एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी या इटालियन विद्वानाला सांगितली आणि त्याने ती लिहून ठेवली. हाच पिकोलोमिनी १४५८ मध्ये पोप दुसरा पायस झाला. त्या लिखाणात एका जुनाट ओक वृक्षाचीही गोष्ट आहे. त्याला हात लावायला कोणी धजेना. अखेर एकाने कुऱ्हाड उगारली, ती त्याच्याच पायावर बसली आणि तो कोसळला. भोवतालचे लोक आक्रोश करू लागले. जेरोमने त्याला उठवून उभे केले, पायाला जखम नाही हे सगळ्यांना दाखवले आणि झाड पाडून घेतले. सांगणारा जिंकलेल्या बाजूचा, लिहिणारा उद्याचा पोप. त्यामुळे गोष्टीतला चमत्कार बाजूला ठेवायला हरकत नाही. पण बायकांचा प्रश्न त्यांनी रचला असेल असे वाटत नाही. स्वतःच्या विरोधातला इतका अवघड प्रश्न मुद्दाम कोण रचील? पिकोलोमिनीने राजाबद्दल एक शेराही मारला आहे. प्रजेने ख्रिस्ताला सोडले तरी चालेल, आपल्याला सोडता कामा नये, असा हिशेब विताउतासने केला, असे तो म्हणतो.

प्रश्न मात्र तिथेच राहिला. पवित्रपण जागेत असते की माणसाच्या मनात? मनात असेल, तर रान तुटल्याने काय बिघडते? आणि जागेत असेल, तर जागा गेल्यावर देवही जातो का? युरोपात हा प्रश्न पुस्तकांतून पुष्कळांनी हाताळला असेल. लिथुआनियाला तो सहाशे वर्षे प्रत्यक्ष सोसावा लागला.

देश लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे ६५,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक पंचमांशाहून थोडे जास्त. वस्ती तीस लाखांच्या आत. बाल्टिक समुद्राचा किनारा जेमतेम नव्वद किलोमीटरचा. डोंगर असा नाहीच. सर्वांत उंच जागा आउकश्तोयास, तिची उंची २९४ मीटर. सह्याद्रीतला साधा घाटमाथाही तिच्या दुपटीहून उंच भरेल. बाकी सगळी सपाटी, तळी, नद्या, दलदल आणि जंगल. तळी तीन हजारांच्या घरात, आणि आजही देशाचा एक तृतीयांश भाग झाडांखाली आहे. जिथे कडेकपारी नाहीत तिथे माणसाने माती रचून, उतार तासून टेकड्या बनवल्या आणि त्यांवर लाकडी गढ्या बांधल्या. अशा टेकडीला तिथे ‘पिल्याकाल्निस’ म्हणतात आणि त्या देशभर शेकड्यांनी विखुरल्या आहेत.

या भूगोलानेच लिथुआनियाला युरोपातला ख्रिस्ती न झालेला शेवटचा देश म्हणून टिकवले. तेराव्या शतकात ट्युटॉनिक सरदारांचा जर्मन धर्मसंघ बाल्टिक किनाऱ्यावर उतरला. शेजारच्या प्रशियन लोकांना त्याने तलवारीने ख्रिस्ती केले. पुढे त्यांची भाषाही नामशेष झाली. लिथुआनियावर मात्र स्वारी करायची तर दलदल ओलांडावी लागे, आणि ती ओलांडता येई एक तर कडाक्याच्या थंडीत ती गोठल्यावर किंवा भर उन्हाळ्यात सुकल्यावर. हिवाळा उबदार निघाला तर मोहीम फसली. घोड्यांना वाट कुठे, पाणी कुठे, कोणत्या ओढ्यावर पूल बांधावा लागेल, अशा वाटांच्या नोंदी त्या सरदारांनी गोळा करून ठेवल्या होत्या. जंगलात देव राहतो असे तिथला माणूस मानत होता, आणि ते जंगल त्याचे रक्षणही करत होते. त्याची श्रद्धा समजून घेताना हे विसरून चालत नाही.

राजांचा व्यवहार वेगळा होता. मिंडाउगासने १२५१ मध्ये बाप्तिस्मा घेतला, १२५३ मध्ये त्याला पोपच्या संमतीने मुकुट मिळाला आणि १२६३ मध्ये त्याचा खून झाला. तोवर त्याने नवा धर्म टाकून दिला होता, असे त्या काळच्या बखरी सांगतात. त्यानंतरचा गेदिमिनास हा मोठा मुत्सद्दी. १३२३ मध्ये त्याने जर्मन शहरांना पत्रे धाडून व्यापारी, कारागीर आणि ख्रिस्ती साधूंनाही आपल्या राज्यात बोलावले. राजधानी विल्नियसचा पहिला लेखी उल्लेख याच पत्रांत सापडतो. पुढच्या वर्षी पोपची माणसे त्याच्या बाप्तिस्म्याची चौकशी करायला आली, तेव्हा त्याने दिलेले उत्तर नोंदलेले आहे. त्याचा आशय असा: ख्रिस्ती आपल्या रीतीने देवाला भजतात, रशियन त्यांच्या, पोलिश त्यांच्या आणि आम्ही आमच्या, देव सगळ्यांचा एकच. एकीकडे धर्मयुद्धाची फौज दाराशी असताना हे बोललेले आहे. त्यात राजकारण होते हे उघड आहे, पण केवळ राजकारण म्हणून ते मोडीत काढणे अन्यायाचे होईल. त्याच्या राज्यात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती प्रजा मोठ्या संख्येने होती आणि ती आपली चर्चे राखून होती.

गेदिमिनासचा नातू योगाइला. त्याने १३८६ मध्ये क्राकूवला बाप्तिस्मा घेतला, पोलंडची राणी यादविगा हिच्याशी लग्न केले आणि तो पोलंडचा राजा झाला. १३८७ मध्ये विल्नियसला परतून त्याने प्रजेचे धर्मांतर उरकले. उरकले हाच शब्द योग्य. पोलिश इतिहासकार यान द्ऊगोश याने पुढे लिहिलेल्या वर्णनाप्रमाणे अखंड तेवत ठेवलेला अग्नी विझवला गेला, राया तोडल्या गेल्या, आणि लोक घराघरांत ज्यांना जपत त्या ‘झाल्तिस’ नावाच्या बिनविषारी सापांना मारले गेले. घरातल्या सापापुढे दूध ठेवण्याची रीत तिथे होती; मराठी घरात ती ऐकणाऱ्याला परकी वाटणार नाही. माणसांचे जथे करून नदीवर आणले, एकेका जथ्यावर पाणी शिंपडले आणि एका जथ्याला मिळून एकच नाव दिले. हे सगळे पीटर, ते सगळे पॉल. बाप्तिस्मा घेणाऱ्याला पोलंडहून आणलेला लोकरीचा सदरा मिळे.

सदऱ्यासाठी झालेला ख्रिस्ती खरा की खोटा? हा प्रश्न लगेचच युरोपच्या भर दरबारात मांडला गेला. १४१४ ते १४१८ या काळात कॉन्स्टान्स इथे चर्चची महासभा भरली होती. तिथे १४१५ च्या अखेरीस लिथुआनियाच्या पश्चिमेकडील झेमाइतिया भागातून साठेक माणसांचे शिष्टमंडळ पोचले. झेमाइतियाचे लोक तोवर बहुतांशी जुन्या धर्माचेच होते. त्यांनी ट्युटॉनिक सरदारांविरुद्ध लेखी गाऱ्हाणे मांडले. या सरदारांना आमचे आत्मे नकोत, आमची जमीन हवी आहे. आम्ही बाप्तिस्म्याला नाही म्हणत नाही, पण तो यांच्या हातून नको. असा त्याचा रोख होता. त्याच सभेत क्राकूव विद्यापीठाचा पावेऊ व्ऊओत्कोविच हा कायदेपंडित उभा राहिला. ख्रिस्ती नसलेल्या माणसालाही आपल्या जमिनीवर आणि आपल्या राज्यावर हक्क आहे, आणि तलवारीने लादलेला विश्वास हा विश्वासच नव्हे, असे त्याने शास्त्राधाराने मांडले. पंधराव्या शतकात, चर्चच्याच व्यासपीठावर हे बोलायला छाती लागते. त्या माणसाचे नाव आज युरोपातही थोड्यांनाच ठाऊक आहे, ही खेदाची गोष्ट आहे. सभेने सरदारांना दोषी धरले नाही. पण झेमाइतियाच्या धर्मांतराचे काम त्यांच्याकडून काढून योगाइला आणि विताउतास यांच्या बाजूच्या बिशपांकडे दिले, आणि १४१७ मध्ये तिथे स्वतंत्र धर्मप्रांत उभा राहिला.

इथे एक शब्द थांबवून धरतो. नव्या धर्माच्या देवाला लिथुआनियन लोकांनी कोणत्या नावाने हाक मारली? ‘दिएवास’. हे त्यांच्या जुन्या आकाशदेवाचेच नाव, आणि ते आपल्या ‘देव’ या शब्दाचे सख्खे भावंड आहे. ही ओढूनताणून लावलेली व्युत्पत्ती नाही. लिथुआनियन ही बोलल्या जाणाऱ्या भारत-युरोपीय भाषांमध्ये फार जुनी रूपे सांभाळून ठेवलेली भाषा आहे, आणि संस्कृत जाणणाऱ्याला तिच्यात ओळखीचे शब्द जागोजाग भेटतात. ‘उग्निस’ म्हणजे अग्नी, ‘दूमास’ म्हणजे धूम, ‘सूनुस’ म्हणजे मुलगा, संस्कृतातला सूनु. दाताला ‘दांतिस’, मेंढीला ‘आविस’, संस्कृतातली अवि. मेघगर्जनेच्या ‘पेर्कूनास’ देवाला काही अभ्यासक पर्जन्याशी जोडतात, पण त्याबद्दल एकमत नाही. सांगायचे ते एवढेच की रान तुटले, अग्नी विझला, साप मेले, आणि ज्याचे घर तोडले त्याच दिएवासचे नाव घेऊन लोक चर्चमध्ये गुडघे टेकू लागले. त्या बायकांच्या नाती-पणतींना देव सापडला असेल, तर तो या शब्दात सापडला असणार.

आणि त्यांना तो सापडला, याचा पुरावा त्याच झेमाइतियात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस देश रशियाच्या झारच्या ताब्यात गेला. १८३१ आणि १८६३ चे उठाव चिरडल्यावर लॅटिन लिपीतली लिथुआनियन पुस्तके छापायला बंदी आली, ती १९०४ पर्यंत टिकली. क्राझ्याय नावाच्या गावी जोगिणींच्या मठाचे चर्च होते. सरकारने मठ बंद करून चर्च पाडायचा हुकूम काढला. गावकरी आळीपाळीने रात्रंदिवस चर्चमध्ये बसून राहिले. नोव्हेंबर १८९३ मध्ये गव्हर्नर कोझॅक घोडेस्वार घेऊन आला. चाबूक आणि तलवारी चालल्या, माणसे मेली, पळताना काही थंडगार नदीत बुडाली. उरलेल्यांवर खटला भरला, तेव्हा नामवंत वकील फुकट उभे राहिले. ते चर्च आज उभे आहे.

हीच ती झेमाइतिया, जिथे धर्म कुऱ्हाड घेऊन आला होता. पावणेपाचशे वर्षांनी तिथली माणसे त्या धर्माच्या इमारतीसाठी मरायला तयार झाली. त्यांचा धर्म ‘मूळचा’ नव्हता म्हणून तो उसना ठरतो का? ज्यांना कशाचेही अस्सलपण त्याच्या उगमावरून मोजायची सवय आहे, त्यांनी क्राझ्यायच्या त्या नदीकाठी क्षणभर थांबावे. धर्म कसा आला हा इतिहासाचा प्रश्न झाला. तो कोणाचा झाला, हे त्यासाठी जागे राहणारी माणसे ठरवतात.

श्याउल्याय शहराच्या उत्तरेला बारा किलोमीटरवर अशीच एक टेकडी आहे. एका जुन्या गढीची माती, उंची जेमतेम दहा मीटर. तिथे कोणा संताची समाधी नाही, कोणत्या अवशेषाचे देऊळ नाही. १८३१ च्या उठावानंतर लोकांनी तिथे क्रूस रोवायला सुरुवात केली, असे मानतात. ज्यांचा मुलगा, ज्यांचा भाऊ उठावात गेला आणि देह मिळाला नाही, त्यांनी. कबर नव्हती म्हणून क्रूस. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे शंभराहून जास्त क्रूस होते. मग सोव्हिएत राजवट आली. १९४१ ते १९५३ या काळात सुमारे एक लाख तीस हजार लिथुआनियन माणसांना घरादारासह सायबेरिया आणि इतर दूरच्या मुलखांत धाडले गेले. त्यातले जे १९५६ नंतर परत येऊ शकले, त्यांनी तिथे मेलेल्यांच्या नावाने या टेकडीवर क्रूस आणून लावले.

एप्रिल १९६१ मध्ये बुलडोझर आले. दोन हजारांहून जास्त क्रूस एका झपाट्यात गेले. लाकडाचे जाळले, लोखंडाचे भंगारात घातले, दगडाचे फोडून पुरले. काही दिवसांत नवे क्रूस उभे राहिले. सत्तरच्या दशकात पुन्हा टेकडी साफ केली, रस्ते अडवले, पहारे बसवले, जवळच्या कुल्पे नदीला बांध घालून टेकडी पाण्याखाली घालायचाही बेत झाला. क्रूस रात्री येत राहिले. मे १९७३ मधल्या एका मध्यरात्री श्याउल्यायहून काही तरुण खांद्यावर मोठा क्रूस घेऊन चालत निघाले आणि पहाटेच्या आत तो टेकडीवर रोवून आले. तो लगेच उपटला गेला. कोणी क्रूस कोटाच्या आत लपवून आणी, तळहाताएवढा, दोन काड्या दोऱ्याने बांधलेला, आणि गवतात खोचून निघून जाई. १९९० पर्यंत त्यांची संख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली. सप्टेंबर १९९३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल तिथे येऊन प्रार्थना करून गेले.

त्या टेकडीवरचे जुन्या घडणीचे लाकडी क्रूस जवळून पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते. आडव्या-उभ्या लाकडाच्या सांध्याभोवती सूर्याचे किरण कोरलेले असतात. खाली चंद्रकोर. कधी कडेने वळसे घेणारा साप. झाल्तिस. १३८७ मध्ये मारलेला साप क्रूसावर चढून बसला आहे, आणि त्याला खाली उतरवावे असे कुठल्या पाद्र्याला वाटलेले नाही. क्रूस कोरण्याच्या या कलेला २००१ मध्ये युनेस्कोने मानवी वारशाचा दर्जा दिला.

टेकडीने बायकांच्या प्रश्नाला दिलेले उत्तर असे की पवित्रपण मातीत आहे, पण नुसत्या मातीत नाही. ते माणसाच्या परत येण्यात आहे. बुलडोझर जागा साफ करू शकला, वाट साफ करू शकला नाही. देव तिथे आधीपासून राहत होता का, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. माणसे मात्र तिथे परत परत आली, आणि आपण कुठे यायचे हे त्यांना अंधारातही ठाऊक होते.

मग ज्यांची वाटच शतकानुशतके बुजून गेली, त्यांचे काय? हा प्रश्न नेमका उभा राहिला तो जुन्या धर्माकडे परत जाऊ पाहणाऱ्यांमुळे. नेमुनास नदीच्या काठी रांबिनास नावाची टेकडी आहे. जुन्या देवांची वेदी म्हणून मानलेला एक प्रचंड खडक तिच्यावर होता. १८११ मध्ये एका जर्मन गिरणीवाल्याने तो फोडून त्याची जाती केली. त्याचे पुढे वाईट झाले, असे लोक सांगत आले. दगड गेला, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोक उन्हाळ्यातल्या सर्वांत लहान रात्री तिथे जमून शेकोट्या पेटवू लागले, गाणी म्हणू लागले. त्यात पुढे होता विदूनास, म्हणजे विलियुस स्तोरोस्ता. जन्म १८६८. शिक्षक, नाटककार, गायकवृंदाचा संचालक आणि तत्त्वचिंतक. घर लुथेरन, वाचन उपनिषदांचे. वेदान्ताने तो इतका भारावला होता की त्याने भगवद्गीतेचा लिथुआनियन अनुवाद केला. आपल्या लोकांच्या जुन्या श्रद्धेत त्याला तोच विचार दिसत होता: सगळ्या चराचरात एकच चैतन्य भरलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात त्याला गाव सोडावे लागले आणि १९५३ मध्ये जर्मनीत तो वारला. १९९१ मध्ये त्याच्या अस्थी परत आणून रांबिनासजवळच्या बित्येनाय गावी पुरल्या.

१९६७ मध्ये केर्नावेच्या जुन्या गढ्यांवर योनास त्रिंकूनास आणि त्याच्या सोबत्यांनी तोच उन्हाळी रात्रीचा सण पुन्हा सुरू केला. लोकसंस्कृतीचा अभ्यास या नावाखाली तो सोव्हिएत राजवटीत काही काळ खपून गेला. मग त्यांच्या मंडळावर बंदी आली आणि त्रिंकूनासची विद्यापीठातली नोकरी गेली. स्वातंत्र्यानंतर १९९२ मध्ये ‘रोमुवा’ या नावाने हा धर्मसमूह नोंदला गेला. अग्नी पेटवणे, पृथ्वीमाता ‘झेम्यिना’ला नैवेद्य देणे, ओक वृक्षाचा मान, आणि लोकगीते हाच मंत्र. २०११ च्या जनगणनेत पाच हजारांहून थोड्या जास्त लोकांनी हा आपला धर्म म्हणून लिहिला.

आक्षेप घेणारे म्हणतात की हा धर्म नव्याने जुळवलेला आहे. आक्षेप तथ्याला धरून आहे. जुन्या पूजाविधींचे वर्णन जवळपास सगळे शत्रूंनी लिहिलेले, देवळे नाहीत, पुरोहितांची परंपरा नाही, गुरुशिष्य अशी साखळी नाही. रोमुवा हे नावही चौदाव्या शतकातल्या एका ट्युटॉनिक बखरकाराच्या वर्णनातून घेतलेले. उलट बाजूला आहे ती गाण्यांची रास. संग्राहकांनी खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्यांकडून लाखो लोकगीते उतरवून घेतली आणि त्यांत सूर्य अजून मुलगी आहे, ओक अजून बाप आहे. तर मग साखळी तुटली की पाण्याखालून वाहत राहिली? याचा निवाडा इतिहासकाराच्या टेबलावर होणार नाही असे वाटते. लोकरीच्या सदऱ्यापासून सुरू झालेला धर्म क्राझ्यायला खरा ठरला असेल, तर गाण्यांपासून सुरू झालेला धर्म केर्नावेला खोटा का ठरावा? एकाला लावलेले माप दुसऱ्यालाही लावले पाहिजे.

लिथुआनियाच्या संसदेला हे माप लावायला फार वर्षे लागली. १९९५ च्या कायद्याने नऊ धर्मसमूहांना ‘परंपरागत’ ठरवले. त्यांत कॅथलिक आणि लुथेरन आहेत, ज्यू आहेत, सुन्नी मुसलमान आहेत, विताउतासने क्रिमियातून आणून त्राकायला वसवलेल्या कराइम पंथीयांचे वंशजही आहेत. बाकीच्यांनी नोंदणीनंतर पंचवीस वर्षे थांबायचे आणि मग मान्यता मागायची. रोमुवाची पंचवीस वर्षे २०१७ मध्ये भरली. २०१९ मध्ये संसदेने मान्यता नाकारली. मतदानाआधी कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही हा धर्मच आहे का अशी शंका संसदेला पत्राने कळवली होती. ज्या चर्चच्या माणसांनी रात्री क्रूस लपवून नेले होते, त्या चर्चने दुसऱ्याच्या शेकोटीबद्दल असे पत्र लिहावे, हे वाचताना मन खट्टू होते. रोमुवाचे लोक स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. जून २०२१ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की सरकारने तटस्थ राहायला हवे होते, ते राहिले नाही आणि भेदभाव झाला. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने मान्यता दिली. शेवटच्या रायांवर कुऱ्हाड पडल्याला तोवर सहाशे वर्षे उलटून गेली होती.

इथवर हिशेब जुळल्यासारखा वाटतो. जागा मोडते, माणसे परततात, जागा पुन्हा पवित्र होते. पण विल्नियसच्या जुन्या भागातल्या एका पत्त्यावर हा हिशेब मोडतो.

तिथे सतराव्या शतकात बांधलेले ज्यूंचे मोठे सिनेगॉग होते. विल्नियसला ज्यू लोक ‘लिथुआनियाचे जेरुसलेम’ म्हणत. अठराव्या शतकातला थोर धर्मपंडित, विल्नाचा गाओन, याच वस्तीत राहून तोराह आणि तालमुद या धर्मग्रंथांवर रात्रंदिवस विचार करत होता. जून १९४१ मध्ये नाझी आले. देशातल्या दोन लाखांच्या आसपास ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त माणसे मारली गेली. बहुतेकांना गोळ्या घालून खड्ड्यांत लोटले, आणि या कामात स्थानिक लिथुआनियनही सामील होते. एकट्या पानेर्यायच्या जंगलात सत्तर हजारांच्या घरात ज्यू मारले गेले. हे जंगलच होते. ज्या देशात रानात देव राहतो असे मानत, त्या देशातले एक रान.

सिनेगॉग आगीत जळले, पण त्याच्या भिंती उभ्या होत्या. १९५५ ते १९५७ दरम्यान सोव्हिएत सरकारने त्या पाडल्या आणि पुढे त्या जागी शाळा बांधली. २०११ पासून तिथे उत्खनन सुरू झाले. विधिस्नानाची टाकी सापडली, फरशीचे तुकडे सापडले. २०१८ मध्ये ‘बिमा’ सापडली, म्हणजे ज्यावर उभे राहून तोराह वाचतात तो मधला चौथरा. ती मुख्याध्यापकांच्या खोलीखाली होती.

तिथे परत यायला जवळपास कोणी उरले नव्हते. मग ती जागा आता पवित्र नाही, असे म्हणता येईल का? माणसांच्या परतण्यावर सगळे पवित्रपण टेकवणारा विचार इथे अडतो, आणि त्याने अडलेच पाहिजे. नाही तर ज्याने सगळ्यांना मारले, त्याने देवालाही घालवून दिले, असे मान्य करावे लागेल. परतणारे संपवले गेले असतील, तेव्हा आठवणीचे ओझे शेजाऱ्यावर येते. ज्याचा तो धर्म नाही, त्याच्यावर. त्या चौथऱ्यावरची माती ब्रशने झाडणाऱ्यांत इस्रायलमधले पुरातत्त्वज्ञ होते तसे लिथुआनियन अभ्यासकही होते. त्यांच्या कामाला प्रार्थना म्हणता येणार नाही. पण त्याला दुसरे नाव द्यायलाही जीभ वळत नाही.

ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ माणसे लागतात. युद्धापूर्वी विल्नियसमध्ये शंभरहून जास्त सिनेगॉग आणि प्रार्थनाघरे होती. आज पिलिमो रस्त्यावरचे १९०३ मध्ये बांधलेले एकच चालू आहे.